हृदयाभोवतालची चरबी आणि कोलेस्टरॉलची गोळी



गेल्या महिन्यात आमच्या मोअदोनमध्ये चहाच्या वेळी एक मावशी माझ्या शेजारी येऊन बसल्या. वय ७८, मूळच्या रेवदंड्याकडच्या, अलीया करून पन्नासच्या वर वर्षे झाली. इकडेतिकडे बघून त्यांनी पर्समधून घडी केलेला एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "सिस्टर, जरा नीट वाचून सांग बघू. नातवाने वाचला, पण तो मेला हसतच होता." (मी नोकरी सोडून इतकी वर्षे झाली, तरी इथे सगळे मला सिस्टरच म्हणतात.)

बरेच दिवस खोकला जाईना म्हणून कुपात होलिमच्या डॉक्टरांनी मावशींच्या छातीचा सीटी स्कॅन काढला होता. फुप्फुसे स्वच्छ होती, देवाची कृपा. पण रिपोर्टच्या शेवटी एक ओळ होती की हृदयाभोवती चरबीचे प्रमाण वाढलेले दिसते. नातवाचे हसू त्या ओळीवरचे होते. मावशींना मात्र त्या ओळीने दोन रात्री झोप लागली नव्हती.

"अकरा वर्षं झाली, रोज रात्री कोलेस्टरॉलची गोळी घेते मी," त्या म्हणाल्या. "एक दिवस चुकवली नाही. मग ही शुमान आली कुठून? म्हणजे गोळी फुकटच गेली ना? बंद केली मी. तीन आठवडे झाले."

मी कप खाली ठेवला. मावशींना २०१४ साली स्टेंट बसवलेला आहे, हे मला ठाऊक होते. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट आहे त्यांनी ही गोळी आपल्या मनाने बंद करणे ही साधी गोष्ट नव्हे. पण मावशींचा प्रश्न मात्र अगदी बरोबर होता. कोलेस्टरॉलची गोळी हृदयाभोवतालच्या चरबीचे काय करते? गेल्या वीस-बावीस वर्षांत मोठमोठ्या डॉक्टरांनी हाच प्रश्न विचारला आहे आणि त्याचे थोडेफार उत्तरही मिळाले आहे. या वेळचा लेख त्याच विषयावर.

पहिली गोष्ट अशी की कोलेस्टरॉल आणि चरबी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आपण बोलताना दोन्ही एकच समजतो. कोलेस्टरॉल हा मेणासारखा पदार्थ आहे, तो रक्तातून छोट्या कणांत बसून फिरतो. त्यातल्या एलडीएल नावाच्या कणांतून तो रक्तवाहिनीच्या अस्तरात शिरतो आणि तिथे थर धरतो. पोटावर, कमरेवर किंवा हृदयाभोवती जी साठते ती चरबी म्हणजे शरीराने न वापरलेले अन्न. ती पेशींत भरून ठेवलेली असते, कोठारात धान्य ठेवावे तशी. आपली गोळी, जिला स्टॅटिन म्हणतात, ती लिव्हरवर काम करते. लिव्हर स्वतः कोलेस्टरॉल बनवत असते. गोळी ते काम मंद करते. मग लिव्हरला कोलेस्टरॉल कमी पडते आणि ते रक्तातले एलडीएल जास्त ओढून घेते. रक्तातला आकडा उतरतो तो असा. कोठारातले धान्य उपसणे हे या गोळीचे काम कधी नव्हतेच. म्हणून अकरा वर्षे गोळी घेऊनही चरबी दिसली, यात गोळीचा दोष नाही.

आता ती चरबी कशी असते ते सांगते. निवृत्त होण्यापूर्वी बरीच वर्षे मी हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात होते. पहिल्यांदा ऑपरेशन बघणाऱ्या शिकाऊ मुलींना वाटायचे, छाती उघडली की आत चित्रातल्यासारखे लालभडक हृदय दिसेल. दिसायचे ते बरेचसे पिवळे. मोठ्या माणसाच्या हृदयाचा सुमारे ८० टक्के पृष्ठभाग चरबीने झाकलेला असतो आणि हृदयाच्या एकूण वजनात सुमारे २० टक्के वजन तिचे असते. बारीक माणसातही ती असते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या याच चरबीत गुंडाळलेल्या असतात. बायपासच्या वेळी सर्जनला ती बाजूला सारून वाहिनी शोधावी लागते.

म्हणजे ही चरबी देवाने उगीच ठेवलेली नाही. हृदय धडधडते तेव्हा वाहिन्यांना धक्का बसू नये म्हणून ती गादीसारखी असते. हृदयाच्या स्नायूला लागणारे इंधन बरेचसे चरबीतूनच येते, आणि हे कोठार त्याच्या अगदी दाराशी असते. तब्येत चांगली असेल तेव्हा ही चरबी रक्तवाहिन्यांना उपयोगी पडणारी द्रव्येही सोडते. आपले पूर्वज कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद म्हणून गाववाले त्यांना शनवार तेली म्हणायचे. तेल-चरबीला सरसकट नावे ठेवणे आपल्याला तरी शोभणार नाही! प्रश्न असतो तो ती किती आहे आणि कशी आहे याचा.

यातला 'कशी' हा भाग मोठा महत्त्वाचा. हृदयाचा स्नायू आणि त्याला चिकटलेली ही चरबी यांच्यामध्ये कसलाही पडदा नाही. दोघांना रक्तही एकाच वाहिन्यांतून मिळते. त्यामुळे चरबीत जे काही होईल ते थेट शेजारच्या रक्तवाहिनीला आणि स्नायूला जाऊन भिडते. २००३ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी बायपास होणाऱ्या ४२ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. बायपाससाठी पायातून शीर काढतात हे आपल्यापैकी कित्येकांना स्वतःच्या पायावरच्या व्रणावरून ठाऊक आहे. त्या डॉक्टरांनी प्रत्येक रुग्णाच्या पायाच्या कातडीखालची थोडी चरबी घेतली आणि हृदयावरची थोडी घेतली. एकाच माणसाची चरबी, पण हृदयावरच्या चरबीत दाह निर्माण करणारी द्रव्ये कितीतरी जास्त निघाली. दाह म्हणजे काय, तर सुजलेल्या बोटाला लाली येते, ठणका लागतो, तसला प्रकार. फक्त इथे ठणका लागत नाही, म्हणून माणसाला कळत नाही.

अशी चिडलेली चरबी बाहेरून रक्तवाहिनीला त्रास देते आणि आतून एलडीएल थर धरत असतेच. दोन्ही बाजूंनी मार. पुढे मोठमोठ्या लोकसंख्येच्या तपासण्यांत असेही दिसले की ज्यांच्या हृदयाभोवती चरबी जास्त, त्यांच्यात हृदयविकार जास्त. हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा जो आजार आपल्या वयात बराच दिसतो, त्याच्याशीही तिचा संबंध लावला गेला आहे.

आता गोळीकडे वळू. स्टॅटिनचा जन्म जपानमधला. अकिरा एन्दो नावाचे शास्त्रज्ञ होते, २०२४ साली वारले. त्यांनी हजारो बुरशा तपासल्या आणि १९७३ साली तांदळावर वाढणाऱ्या एका निळसर बुरशीत त्यांना असा पदार्थ सापडला की जो कोलेस्टरॉल बनवण्याची क्रिया रोखतो. विक्रीसाठी पहिल्या स्टॅटिनला अमेरिकेत १९८७ साली परवानगी मिळाली. तरी डॉक्टर साशंकच होते. आकडा उतरतो हे खरे, पण माणूस वाचतो का? उत्तर १९९४ साली स्कँडिनेव्हियातून आले. हृदयविकार असलेल्या ४,४४४ रुग्णांपैकी निम्म्यांना सिम्व्हास्टॅटिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी. पाच वर्षांहून थोड्या जास्त काळात गोळी घेणाऱ्यांत मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले. मी त्या वेळी वॉर्डात होते. त्यानंतर घरी जाणाऱ्या प्रत्येक हृदयरुग्णाच्या कागदावर हे औषध दिसू लागले, ते मला चांगले आठवते.

पण डॉक्टरांच्या एक गोष्ट लक्षात येत होती. काही वेळा फायदा नुसत्या आकड्यावरून समजावून सांगता येत नव्हता. गोळी दाहही कमी करत असावी असे म्हटले जाऊ लागले. मग कोणाच्या तरी मनात आले, हृदयाभोवतालची चरबी इतकी दाहाची जागा आहे, तर तिथे गोळी काय करते ते बघावे.

यातली सर्वांत महत्त्वाची तपासणी बायकांवरच झाली आहे, हे मी मावशींना मुद्दाम सांगितले. पाळी गेलेल्या आणि कोलेस्टरॉल जास्त असलेल्या अमेरिकेतल्या स्त्रियांचे दोन गट केले. एका गटाला ॲटोरव्हास्टॅटिन ८० मिलिग्रॅम, म्हणजे जोरदार मात्रा. दुसऱ्याला प्रव्हास्टॅटिन ४० मिलिग्रॅम, म्हणजे सौम्य. एक वर्ष औषध दिले आणि आधी-नंतर स्कॅन काढले. मूळ हेतू रक्तवाहिनीतल्या कॅल्शियमची वाढ थांबते का ते बघण्याचा होता. तिथे निराशा झाली, दोन्ही गटांत काही फरक निघाला नाही. (इथेच सांगून ठेवते. स्टॅटिन चालू असताना कॅल्शियमचा आकडा थोडा वाढलासुद्धा तरी घाबरू नका. मऊ थर घट्ट होतो तेव्हा तसे दिसू शकते, आणि मऊ थर फुटण्यापेक्षा घट्ट झालेला बरा.)

तेच स्कॅन काही वर्षांनी पुन्हा बाहेर काढले गेले आणि त्यांतल्या ४२० स्त्रियांच्या हृदयाभोवतालची चरबी मोजली. २०१३ साली निकाल छापून आला. जोरदार गोळीच्या गटात चरबी साधारण ३.४ टक्क्यांनी उतरली होती, सौम्य गोळीच्या गटात एक टक्कासुद्धा नाही. विशेष म्हणजे कोणाचे एलडीएल किती उतरले आणि कोणाची चरबी किती उतरली, यांचा एकमेकांशी मेळ बसत नव्हता. म्हणजे गोळीची ही करामत वेगळ्याच वाटेने चालली होती.

तीन-साडेतीन टक्के म्हणजे किती? खरे सांगायचे तर फार नाही. डोळ्यांनी बघून कोणाला कळणारही नाही. एवढ्यावरच गोष्ट संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. पण २०१९ साली त्याच स्कॅनवर आणखी एक काम झाले. या वेळी चरबी किती आहे हे न मोजता ती कशी आहे ते मोजले. सीटी स्कॅनमध्ये प्रत्येक वस्तूची घनता आकड्यात येते. शांत चरबीची घनता कमी असते. दाह असलेल्या चरबीत पाणी, रक्त आणि पेशी जास्त असल्याने तिचा आकडा चढतो. वर्षभर स्टॅटिन घेतल्यावर हृदयाभोवतालच्या चरबीचा आकडा उतरला होता. तो जोरदार गोळीनेही उतरला आणि सौम्य गोळीनेही. एलडीएल किती उतरले यावर ते अवलंबून नव्हते. कातडीखालच्या चरबीत मात्र तसा बदल दिसला नाही. इटलीतल्या डॉक्टरांनी हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी काढलेली चरबी प्रयोगशाळेत तपासली. त्यांनाही स्टॅटिनचा संबंध कमी दाहाशी आणि पातळ थराशी दिसला.

माझ्या समजुतीप्रमाणे याचा अर्थ असा. गोळीने चरबी वितळत नाही. ती थोडीशी कमी होते आणि बरीचशी निवते. चुलीवरचे भांडे तेवढेच राहते, खालचा जाळ कमी होतो. हे पुरावे छोट्या तपासण्यांचे आहेत. चरबी निवल्यामुळेच हार्ट ॲटॅक टळतात असे अजून कोणी सिद्ध केलेले नाही. गोळी घ्यायची ती १९९४ पासून सिद्ध होत आलेल्या फायद्यासाठी, चरबीसाठी नव्हे. पण मावशींसारख्या कोणाला "गोळी फुकट गेली" असे वाटत असेल, तर हा पुरावा नेमका उलट बाजूचा आहे. रिपोर्टात चरबी दिसली म्हणून गोळी सोडणे म्हणजे जाळ पुन्हा वाढवणे.

"मग चरबी कमी कशाने होते ते तरी सांग," मावशी म्हणाल्या. ते उत्तर सोपे आहे, फक्त कुणाला आवडत नाही. २००८ सालच्या एका तपासणीत अतिशय लठ्ठ माणसांनी सहा महिने फार कमी आहार घेऊन आपले वजन सुमारे एक पंचमांशाने उतरवले, तेव्हा त्यांच्या हृदयावरची चरबी ३२ टक्क्यांनी पातळ झाली. तसला कडक आहार आपल्या वयात स्वतःहून अजिबात करू नये, हातापायातले बळ जाते. व्यायामाची गोष्ट जास्त उपयोगाची आहे. डेन्मार्कमध्ये पोट सुटलेल्या, बैठे काम करणाऱ्या ५० जणांवर १२ आठवड्यांचा प्रयोग झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. दम लागणारा व्यायाम करणाऱ्यांत हृदयावरची चरबी ३२ टक्क्यांनी कमी झाली आणि वजने उचलणाऱ्यांत २४ टक्क्यांनी. ती माणसे आपल्यापेक्षा वयाने बरीच लहान होती, हे खरे. पण गोळीचे साडेतीन टक्के आणि व्यायामाचे हे आकडे शेजारी ठेवून बघा. मधुमेहाची जी नवी इंजेक्शने निघाली आहेत, त्यांतल्या लिराग्लुटाइडनेही सहा महिन्यांत ही चरबी एक तृतीयांशाहून जास्त कमी झाल्याचे दिसले आहे, पण ती डॉक्टरांनी ठरवायची गोष्ट.

आपल्याला बाकी काही जमले नाही तरी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे, रबरी पट्टा ओढणे आणि उन्हे उतरल्यावर अर्धा तास चालणे जमते. कमरेची पट्टीही बघत जा. भारतीय वंशाच्या लोकांत वजन फार नसतानाही आतली चरबी जास्त असते, म्हणून आपल्यासाठी मर्यादा वेगळी धरतात, पुरुषांना ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांना ८०. इथल्या उंच-धिप्पाड शेजाऱ्याला जी पँट बसते तिच्यावरून आपला हिशेब करू नका. आणि आपला नारळ! मांसाबरोबर दूध चालत नाही म्हणून आपल्या आया-आज्यांनी प्रत्येक कालवणात नारळाचे दूध घातले. चव कुठे मिळायची नाही. पण त्यातली चरबी एलडीएल वाढवणाऱ्या जातीची आहे. सणाला करा, रोज नको. मलिद्यातले खोबरे मी कोणाला सोडायला सांगणार नाही.

आता गोळी बंद करण्याविषयी. इथे मला घरातली एक गोष्ट सांगायची आहे. माझे थोरले बंधू, त्यांनाही पहिल्या झटक्यानंतर स्टॅटिन दिले होते. दोन वर्षांनी रक्ततपासणीत एलडीएल सुंदर आले. बंधू म्हणाले, "आकडा बरोबर आला, आता गोळी कशाला?" आकडा गोळीमुळेच बरोबर आला होता, हे मी त्यांना फोनवर सांगितले. पुन्हा सांगायला हवे होते, ते सांगितले नाही. वाटले, त्यांचे ते बघतील, मोठे आहेत. पुढच्या हिवाळ्यात दुसरा झटका आला आणि ते गेले. गोळी चालू असती तर ते वाचलेच असते असे मी म्हणणार नाही, इतकी वर्षे वॉर्डात काढलेल्या माणसाने तसे म्हणू नये. पण तेव्हापासून कोणी "आकडा चांगला आला" म्हणून गोळी सोडली असे ऐकले की मी गप्प बसत नाही.

फ्रान्समध्ये ७५ वर्षे वयाच्या १,२०,१७३ लोकांची नोंद तपासली गेली. यांना हृदयविकार झालेला नव्हता आणि सगळे दोन वर्षे तरी नियमाने स्टॅटिन घेत होते. पुढे ज्यांनी गोळी सोडली त्यांना हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीच्या आजाराने हॉस्पिटलात जाण्याचा धोका ३३ टक्क्यांनी जास्त दिसला. ही नुसती नोंदींची तपासणी आहे, त्यामुळे सोडणारे मुळातच जास्त आजारी असतील अशी शंका राहते. तरी विचार करायला लावणारा आकडा आहे. उलट बाजूही सांगते. ज्यांचे आयुष्य दुसऱ्या गंभीर आजाराने थोडेच उरले आहे, त्यांच्यात गोळी थांबवली तरी नुकसान दिसले नाही, असेही एका अमेरिकन तपासणीत आढळले. आणि ज्यांना हृदयविकार कधीच झाला नाही अशा ७५ च्या पुढच्या माणसाने गोळी नव्याने सुरू करावी का, यावर डॉक्टरांत एकमत नाही. म्हणजे सोडणे हे पाप नव्हे. पण ते डॉक्टरांसमोर बसून ठरवायचे, मोअदोनमध्ये चहा पिताना नव्हे.

बहुतेक जण सोडतात ते अंगदुखीमुळे. "गोळीने पाय दुखतात" हे मी शंभर वेळा ऐकले आहे. लंडनमध्ये अशाच ६० जणांना घेऊन एक गमतीदार प्रयोग केला. सगळे त्रास होतो म्हणून गोळी सोडलेले. प्रत्येकाला बारा महिन्यांसाठी बारा बाटल्या दिल्या, चारांत स्टॅटिन, चारांत खोटी गोळी आणि चार रिकाम्या. स्टॅटिनच्या महिन्यांत त्रास झाला खरा, पण त्यातला सुमारे ९० टक्के त्रास खोट्या गोळीच्या महिन्यांतही झाला. २०२० साली हे प्रसिद्ध झाले. प्रयोग संपल्यावर त्यांतल्या निम्म्यांनी गोळी पुन्हा सुरू केली. याचा अर्थ दुखणे खोटे असा मुळीच नाही. दुखणे खरेच असते, फक्त दर वेळी गोळीचेच नसते. मात्र दोन्ही मांड्या-दंड फार दुखू लागले, अशक्तपणा आला आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर वाट बघू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. असे क्वचित होते, पण झाले तर तातडीचे असते.

त्यात आपल्या लोकांसाठी दोन गोष्टी खास आहेत. एक, रोसुव्हास्टॅटिन, म्हणजे क्रेस्टॉर. हे औषध आशियाई वंशाच्या, आपल्यासारख्या भारतीयांच्याही रक्तात गोऱ्या लोकांपेक्षा जास्त प्रमाणात चढते. म्हणून सुरुवात ५ मिलिग्रॅमने करावी असे औषधाच्या माहितीपत्रकातच आहे. नवीन डॉक्टरांना तुम्ही मूळचे भारतातले हे तुमच्या चेहऱ्यावरून कळेलच असे नाही, तेव्हा स्वतः सांगा.

दुसरी गोष्ट पपनस. इथे हिवाळ्यात बाजारात पोमेला, एश्कोलीत आणि स्वीटी यांचे ढीग लागतात आणि आपल्याला ती फळे फार आवडतात. या फळांत असा एक पदार्थ आहे की जो आतड्यात औषध मोडणारे रसायन बंद पाडतो. मग एक गोळी घेतली तरी रक्तात दोन-तीन गोळ्यांएवढे औषध चढू शकते आणि स्नायूंचे दुखणे तिथून सुरू होते. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ही फळे नकोच. ॲटोरव्हास्टॅटिन, म्हणजे लिपिटॉर, घेणाऱ्यांनी निदान जास्त खाऊ नयेत. रोसुव्हास्टॅटिन आणि प्रव्हास्टॅटिनला ही अडचण नाही. संत्रे सर्वांना चालते. क्लॅरिथ्रोमायसिन नावाचे अँटिबायोटिक कोणी लिहून दिले तर स्टॅटिन चालू आहे हे फार्मसीत आवर्जून सांगा.

किप्पूरच्या उपासाबद्दल नेहमी विचारतात म्हणून सांगते, स्टॅटिन उपास सुरू होण्याआधी किंवा सुटल्यावर घेतली तरी चालते आणि एका दिवसाने काही बिघडत नाही. सिम्व्हास्टॅटिन रात्री घेतलेले बरे, कारण लिव्हर रात्री जास्त कोलेस्टरॉल बनवते. ॲटोरव्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन दिवसभर टिकतात, ती कधीही घ्या, फक्त वेळ रोजची एक ठेवा.

मावशींना मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या कुपात होलिममध्ये घेऊन गेले. डॉक्टर तरुण आहेत, पण ऐकून घेणारे. त्यांनी रिपोर्ट पाहिला, कंबर मोजली, ९४ सेंटिमीटर भरली. मावशी म्हणाल्या, पट्टी जुनी आहे. सगळे हसले. गोळी त्याच रात्रीपासून पुन्हा सुरू झाली आणि रक्ततपासणीची तारीख दोन महिन्यांनंतरची मिळाली. निघताना डॉक्टरांनी फळांविषयी विचारले, तेव्हा कळले की मावशी गेले दोन हिवाळे रोज सकाळी अर्धा पोमेला खात होत्या आणि गोळी आहे सिम्व्हास्टॅटिन. पोटऱ्या का दुखायच्या, हे आता कळले असावे. आता गोळी बदलायची की पोमेला सोडायचा, याचा निर्णय पुढच्या भेटीत होईल. मावशींचे मत गोळी बदलावी असे आहे.